हृदय प्रत्यारोपणानंतरचा व्यायाम: किती करायचा, आणि बसल्यावर नाडी वाढते कशी?

उंबरठा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतेय.

माझ्या बाबांचं (वय ५७) हृदय प्रत्यारोपण होऊन आज अकरा आठवडे झाले. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदय फुगून त्याचे स्नायू कमजोर होणं) होती, शेवटी शेवटी पंपिंग १५ टक्क्यांवर आलेलं. यादीत नाव लागल्यापासून सात महिने फोन उशाशी घेऊन झोपलो. ते सगळं पार पडलं, बायॉप्सीचे (नव्या हृदयाचा इवलासा तुकडा काढून तपासतात ते) रिपोर्ट आतापर्यंत चांगले आहेत.

आता घोडं अडलंय व्यायामापाशी. घरी सोडताना एक छापील कागद मिळाला: चालणं रोज वाढवा, जड उचलू नका, तीन महिन्यांनी पुढचं बघू. एवढंच. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून सध्या गच्चीतच फेऱ्या चालतात. बसल्या बसल्या बाबांची नाडी ९८ ते १०४ असते. काल दहा मिनिटं चालले, ११० झाली. ठीक. मग खुर्चीत बसले, तीन मिनिटांनी बघते तर ११८! चालताना ११० आणि बसल्यावर ११८? पुढची वीस मिनिटं ती खाली यायचं नाव घेईना. माझे हातपाय गार. बाबा मात्र आरामात पेपर वाचत होते.

घरात दोन तट पडलेत. आई आणि आत्या म्हणतात, दुसऱ्याची वस्तू आहे, जपून वापरा, झोपून राहा. बाबा म्हणतात, झोपायचंच होतं तर जुनं काय वाईट होतं. ते रेल्वेत मोटरमन होते, दुखण्यामुळे गाडी सोडावी लागली, त्यामुळे एका जागी बसवत नाही. कुणाला अनुभव आहे का?

खवचट_काका
पहिला प्रतिसाद माझा म्हणजे उपयोगाचा नसणार हे उघड आहे. पण बाबांचं ते वाक्य आवडलं. त्यांना नमस्कार सांगा.

शंकासुर
माझं स्पष्ट मत, आत्या बरोबर आहेत. आमच्या मामांची बायपास झाली होती, दोन महिन्यांत जिममध्ये गेले आणि छातीत दुखायला लागून परत भरती. एवढं मोठं ऑपरेशन झालंय, वर्षभर तरी शांत बसावं. जिवापेक्षा व्यायाम मोठा नाही.

ठाणेकरीण
उंबरठा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयरुग्णांच्या पुनर्वसन विभागात काम करते. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे जे लिहिते ते त्यांच्या टीमला विचारूनच अमलात आणा. पण तुमच्या ११८चं कोडं सोडवते.

जुनं हृदय काढताना त्याच्याकडे जाणाऱ्या नसा कापाव्याच लागतात. रक्तवाहिन्या टाके घालून जोडता येतात, या नसा येत नाहीत. त्यातली व्हेगस नावाची नस म्हणजे हृदयाचा ब्रेक. तुमचीआमची नाडी बसल्यावर ७०-७२ असते ती या ब्रेकमुळे. ब्रेक गेला की हृदय आपल्या मूळच्या गतीने, साधारण ९० ते ११० या दरम्यान चालतं. म्हणजे बाबांची १०४ ही त्यांची नेहमीची नाडी आहे.

आता चालण्याचं. आपण उठून चालू लागलो की नसांमधून हृदयाला तत्काळ फोन जातो. बाबांच्या हृदयाचा फोन बंद आहे, त्यांचा निरोप पोस्टाने जातो, म्हणजे रक्तातल्या अ‍ॅड्रिनलिनमधून. पत्र पोचायला काही मिनिटं लागतात, म्हणून सुरुवातीला नाडी जागची हलत नाही. थांबल्यावरही आधी टाकलेली पत्रं पोचतच राहतात, म्हणून बसल्यावर दोन-तीन मिनिटं ती वाढू शकते आणि मग रेंगाळत उतरते. अकरा आठवड्यांच्या माणसाच्या बाबतीत मला यात वावगं काही दिसत नाही, तरी पुढच्या भेटीत आकडे दाखवा.

यावरून दोन नियम निघतात. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं अगदी रमतगमत चालायचं, मगच वेग. आणि शेवटी एकदम खुर्ची गाठायची नाही, तेवढाच वेळ वेग उतरवत आणायचा. तुम्ही वर्णन केलंय त्यात शेवटचा भागच नाही.

शंकासुर, बायपास आणि प्रत्यारोपण यात फरक आहे. बायपासमध्ये नसा शाबूत राहतात. मामांना छातीत दुखलं, म्हणजे धोक्याची घंटा वाजली. प्रत्यारोपण झालेल्यांची ती घंटा बहुधा वाजतच नाही. म्हणून त्यांनी दुसऱ्या खुणा पाहायच्या: नेहमीच्या चालण्याला धाप लागणं, पायावर सूज, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने चढणं, ताप, कारण नसताना गळून जाणं. यातलं काही दिसलं की त्या दिवशी व्यायाम बंद आणि फोन रुग्णालयाला. ती रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवं हृदय नाकारण्याची, सुरुवात असू शकते.

उंबरठा
ठाणेकरीण ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे लोकल गेली आणि मालगाडी आली. मग तसं सांगायचं ना. मालगाडी सिग्नल मिळाला म्हणून लगेच पळत नाही आणि लाल दिसला म्हणून जागच्या जागी थांबतही नाही." गेले अकरा आठवडे जे डॉक्टर समजावत होते ते त्यांना आत्ता पटलं.

खवचट_काका
मालगाडी! धागा वसूल.

कृष्णाकाठ
मी सांगलीचा. माझं प्रत्यारोपण होऊन चार वर्षं झाली. तेव्हा एकेचाळीस वय होतं. तुमचा धागा वाचून सगळं परत डोळ्यासमोर आलं, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिले पंधरा दिवस मला हृदयाची काळजीच वाटत नव्हती, मला भीती वाटायची ती पायांची. संडासात बसलो की उठता यायचं नाही. मांड्या बघून मी स्वतःच दचकलो, लेंगा नुसता लोंबायचा. ऑपरेशनच्या आधी दीड वर्ष अंथरुणात, त्यात नंतर स्टिरॉइडचा मोठा डोस. स्टिरॉइड मांडीचे स्नायू खातं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे इंजिन नवं बसवलं आणि चाकं गंजलेली, अशी गत.

आमच्या फिजिओनं पहिला व्यायाम दिला तो हसू येईल असा: खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात छातीशी उशी धरून, आणि हाताचा आधार न घेता उठायचं. परत बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा झालं आणि पाचव्याला खुर्चीत आपटलो. बायको म्हणाली, बास. फिजिओ म्हणाली, पाच मिनिटांनी परत चार. दोन महिन्यांत वीसपर्यंत गेलो. आज चालणं, सायकल सगळं करतो, पण मला विचाराल तर मला माणसात आणलं ते त्या खुर्चीनं.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. रात्री डाव्या कुशीवर झोपलो की उशीत ठोके ऐकू यायचे. जोरात. आधीच्या हृदयाचा आवाजच नव्हता हो, ते नुसतं फडफडायचं. हे धाड धाड. झोपच लागायची नाही. चालायला लागल्यावर दमून झोप लागायला लागली, तेव्हा कुठं त्याची सवय झाली.

चिंचेचं_बोटुक
कृष्णाकाठ, फार प्रांजळ लिहिलंत. उशीचं वाचून थांबले जरा.

शंकासुर
ठाणेकरीण, फरक लक्षात आला, बायपासचं उदाहरण मागे घेतो. पण मूळ शंका तशीच आहे. सगळं 'हळूहळू वाढवा' म्हणताय, पण हळूहळू म्हणजे किती? नाडी तर उशिरा हलते म्हणता, मग मोजायचं कशाने?

ठाणेकरीण
बरोबर प्रश्न. आम्ही बोर्ग स्केल वापरतो. गुन्नर बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने केलेली पट्टी, ६ ते २० आकड्यांची. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता जीव जातो. माणसाने स्वतः सांगायचं, किती वाटतंय. सुरुवातीच्या महिन्यांत ११ ते १३ मध्ये राहायचं, 'हलकं' ते 'थोडं कष्टाचं'. गंमत म्हणजे हा आकडा दहाने गुणला की निरोगी माणसाची नाडी साधारण मिळावी, असा ती पट्टी बनवताना हिशेब होता. नेमका तोच हिशेब इथे चालत नाही, पट्टी मात्र चालते.

उंबरठा
ताई, पट्टी आमच्याकडे अपयशी आहे. बाबांना काहीही विचारलं तरी "काही नाही, सोपं आहे." पंपिंग १५ टक्के असतानाही हेच उत्तर होतं.

वऱ्हाडी_ठेचा
घरोघरी हेच बाप आहेत बाप्पा. माझा बाप पाय मोडल्यावर म्हणे, 'जरासा मुरगळला.'

ठाणेकरीण
मग बोलून बघायची परीक्षा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. गाणं म्हणता आलं तर वेग कमी, थोडा वाढवा. बाबांना चालताना काहीतरी पाठ म्हणायला लावा.

खवचट_काका
मोटरमनला काय पाठ असणार? स्टेशनं! डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. एका दमात किती होतात ते मोजा.

ठाणेकरीण
काका, तुम्ही चेष्टेत लिहिलंत, पण मी हे माझ्या पेशंटसाठी उचलतेय.

मध्यरात्रीची_चहावाली
हार्बरवाल्यांनी काय करायचं मग? आमची स्टेशनं संपतच नाहीत.

बेलापूरकर
आमच्याकडे वाशीच्या पुलावर पाच मिनिटं कुणी काही बोलतच नाही. श्वास घ्यायला तेवढीच उसंत.

डेलावेअरची_शमा
इकडचा अनुभव लिहिते. माझ्या नवऱ्याचं प्रत्यारोपण अमेरिकेत झालं. इथे प्रत्यारोपणानंतर विमा ३६ सेशन्सचं पुनर्वसन देतो, आठवड्यातून तीनदा. ट्रेडमिलवर असताना छातीला लावलेल्या इलेक्ट्रोडचा आलेख समोरच्या पडद्यावर, नर्स बघत बसलेली. त्यातून जो धीर आला त्याला तोड नाही. माझ्या मते पहिल्या तीन महिन्यांत हे देखरेखीखालीच व्हायला हवं, गच्चीत एकट्याने नाही.

शंकासुर
शमाताई, तुमचं सगळं मान्य. पण डोंबिवलीत ३६ सेशन्स कुठून आणायच्या? डोंबिवलीहून मोठ्या रुग्णालयात जायचं तर लोकलच्या गर्दीत प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस उभा करायचा? की रोजची टॅक्सी? इथे चालायला फुटपाथ नाही. परदेशातलं वाचून इथल्या माणसाला अपराधी वाटतं फक्त.

डेलावेअरची_शमा
अपराधी वाटावं म्हणून नाही लिहिलं. पण सोय नाही म्हणून देखरेखीची गरज नाही असं होत नाही ना.

फ्यॉर्डकाठी
मध्ये पडते. मी नॉर्वेत असते, याच क्षेत्राच्या आसपास काम करते, आणि या वादाला थेट लागू होईल असा एक अभ्यास इथलाच आहे. ऑस्लो, गोथेनबर्ग आणि कोपनहेगनच्या रुग्णालयांनी मिळून केला, २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणानंतर साधारण अकराव्या आठवड्यात (उंबरठा, तुमच्याच बाबांच्या मुक्कामावर) ८१ जण घेतले. अर्ध्यांना मध्यम गतीचा सलग व्यायाम, अर्ध्यांना जोरकस टप्प्यांचा: चार मिनिटं दमवणारं, मग काही मिनिटं हलकं, असे चार फेरे. नऊ महिने चाललं. दोन्ही गटांची प्राणवायू वापरायची क्षमता वाढली, जोरकस गटाची जास्त. व्यायामामुळे गंभीर अपाय झाल्याचं आढळलं नाही.

यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. हा व्यायाम मोठ्या रुग्णालयात घेतलाच नाही. प्रत्येकाच्या गावातल्या फिजिओला शिकवून, त्याच्या हाताखाली झाला. नॉर्वेतही लोक रुग्णालयापासून पाचशे किलोमीटरवर राहतात. म्हणजे शमा म्हणतात ती देखरेख आणि शंकासुर म्हणतात ती अडचण, दोन्ही एकदम सुटू शकतात. डोंबिवलीत फिजिओ असतीलच की. एकीला धरा आणि तिचं बोलणं प्रत्यारोपण टीमशी करून द्या.

आणि हो, ते जोरकस फेरे वाचून लगेच गच्चीत करू नका. त्यांची आधी श्वासातला प्राणवायू मोजणारा मास्क लावून दमाची संपूर्ण चाचणी झाली होती.

शंकासुर
हे पटलं. माझा विरोध देखरेखीला नव्हताच, दादरच्या जिन्याला होता.

कृष्णाकाठ
मी नेमकं हेच केलं. सांगलीतलीच फिजिओ. तिनं आधी कधी असा पेशंट बघितला नव्हता, सरळ सांगितलं तसं. मग पुण्याच्या टीमशी फोनवर बोलून तिनं वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे माझ्याकडं.

आजीचा_बटवा
ताई, बाबांना रोज सकाळी गुळवेलीचा काढा द्या, प्रतिकारशक्ती वाढेल, नवीन हृदय घट्ट धरेल. सोबत बोकडाच्या पायाचं सूप.

ठाणेकरीण
काढा अजिबात नको. कृपा करून नको. प्रतिकारशक्ती कमी करायला बाबा दिवसातून दोनदा गोळ्या घेतात, टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट वगैरे. शरीराला ते हृदय परकं वाटतं, प्रतिकारशक्ती वाढली तर पहिला हल्ला त्याच्यावर. इथे 'इम्युनिटी बूस्टर' हा शब्दच शत्रू आहे. सूप चालेल, ताजं आणि उकळतं असेल तर.

खवचट_काका
बोकड सुटला नाही, गुळवेल सुटली.

कोकणी_फणस
अवांतर: पपनसही चालत नाही या लोकांना. माझ्या चुलतभावाची किडनी बदललेली, त्यालाही टॅक्रोलिमस आहे. गणपतीत आमच्या परसातल्या पपनसावर आडवा हात मारायचा, आता लांबून वास घेतो. ग्रेपफ्रूटसारखंच ते, त्याने रक्तातली गोळीची पातळी वाढते म्हणे.

ठाणेकरीण
अवांतर मुळीच नाही. तसंच, व्यायामाने अंग दुखलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्यायची नाही. टॅक्रोलिमस आधीच मूत्रपिंडावर भार टाकतं, या गोळ्या त्यात भर घालतात. व्यायाम सुरू झाला की पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतात आणि कुणीतरी शेजारी प्रेमाने गोळी काढून देतो. दुखणं सोसवत नसेल तर टीमला फोन.

वऱ्हाडी_ठेचा
एक बावळट प्रश्न विचारू का? दाता समजा पंचवीस वर्षांचा असला, तर काकांचा दम पंचवीसच्या पोरासारखा होईल का? आमच्या ऑफिसात यावर पैज लागली आहे.

ठाणेकरीण
बावळट नाही. दम फक्त हृदयावर ठरत नाही. रक्तातून आलेला प्राणवायू ओढून घेणारे स्नायू, आणि आयत्या वेळी झपाट्याने वाढणारी नाडी, दोन्ही लागतं. नाडीची अडचण वर सांगितलीच. स्नायूंची कृष्णाकाठ यांनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली. त्यामुळे प्रत्यारोपणानंतर बहुतेकांची क्षमता समवयस्क निरोगी माणसाच्या मागेच राहते. व्यायाम आपण नव्या हृदयाला शिकवण्यासाठी करतो असं वाटतं, खरं तर मोठा फायदा पायांना होतो. काही जणांत काही वर्षांनी नसा थोड्याफार परत उगवतात, मग नाडीही जरा चपळ होते.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे पैज मी हरलो. दोन समोसे.

गिरणगाव
जरा इतिहास. मी परळचा. केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय बदललं होतं, हे आमच्या पिढीला अभिमानाने सांगितलं जायचं. केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी पहिलं केलं ३ डिसेंबर १९६७ ला, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांत मुंबईत. आपला रुग्ण काही तासच जगला, केपटाऊनचाही अठरा दिवस. शिवणकाम जमलं होतं, रिजेक्शन आवरणारी औषधं नव्हती. सायक्लोस्पोरिन यायला ऐंशीचं दशक उजाडलं. भारतात यशस्वी प्रत्यारोपण झालं ते ३ ऑगस्ट १९९४ ला, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. आणि मुंबईत पुढचं थेट २०१५ मध्ये, तारीख योगायोगाने तीच, ३ ऑगस्ट. पुण्याहून हृदय आणलं, मुलुंडला बसवलं. सत्तेचाळीस वर्षांची खोट भरून निघाली.

तेव्हा अठरा दिवस जगला म्हणून जगभर मथळे झाले, आणि आज आपण अकराव्या आठवड्यात गच्चीतल्या फेऱ्यांवर भांडतोय. मला तरी मौज वाटते.

चिंचेचं_बोटुक
गिरणगाव, वाचनखूण साठवली.

डेलावेअरची_शमा
आणि ज्यांना वाटतं की हे लोक काचेच्या कपाटात ठेवायचे, त्यांच्यासाठी: प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरतात, पहिल्या इंग्लंडात पोर्ट्समथला. २०२३च्या पर्थला होत्या. कॅनडाच्या ड्वाइट क्रोनिंग यांनी प्रत्यारोपणाला वीसेक वर्षं झाल्यावर, २००८ मध्ये, आयर्नमॅन पूर्ण केली. पोहणं, सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन.

कृष्णाकाठ
ही उदाहरणं भारी आहेत, पण घरात नका सांगू ताई. माझ्या मेव्हण्यानं मला असल्या माणसाचा व्हिडिओ दाखवला तेव्हा मी खुर्चीतून सहा वेळा उठत होतो. त्या दिवशी सातवी वेळ झालीच नाही.

मध्यरात्रीची_चहावाली
हे खरं आहे.

उंबरठा
सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडताहेत. अजून तीन शंका. एक, बाबा सूर्यनमस्कार घालायचे, ते कधी? दोन, वजनं उचलायची का? आईने पाण्याचा तांब्याही उचलू दिलेला नाही. तीन, गच्चीत कबुतरं फार आहेत, टाकीखाली विष्ठेचा थर आहे.

ठाणेकरीण
तिसऱ्याचं आधी. गच्ची आजच बंद करा. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि बाबांसाठी तो साधा सर्दी-खोकला नसतो. साफ दुसऱ्या कुणी करायचं, ओलं करून, बाबा आसपास नसताना. बांधकाम चालू असेल तो रस्ताही टाळा. पहाटे माणसं कमी असतात तेव्हा मोकळा रस्ता, तोंडाला मास्क. उशिरा निघालात तर टोपी आणि लांब बाह्या, या औषधांवर त्वचेला उन्हाचा धोका वाढतो.

सूर्यनमस्कार: छातीचं मधलं हाड करवतून तारेने बांधलेलं असतं. भरायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला बारा. शरीराचा भार हातांवर येतो ती आसनं तोवर नकोत. नंतरही श्वास कोंडून काही करायचं नाही. उचलताना, उठताना, शौचाला बसल्यावरसुद्धा श्वास सोडत जोर लावायचा.

वजनं: बारा आठवड्यांनी, सर्जनने हाड तपासून होकार दिला की हो, आणि आवर्जून. स्टिरॉइड हाडंही ठिसूळ करतं. १९९६ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी प्रत्यारोपणानंतर दोन महिन्यांनी काही रुग्णांना वजनांचा व्यायाम सुरू केला. सहा महिन्यांत त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता जवळपास ऑपरेशनच्या आधीइतकी झाली, बाकीच्यांची झाली नाही. आईंना सांगा, तांब्या तर केव्हाच चालला असता.

आजीचा_बटवा
काढ्याबद्दल माफी असावी. मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत एकांना असंच झालंय, त्यांना मी गेल्याच आठवड्यात बाटलीभर दिला. आत्ता फोन करते.

आजीचा_बटवा
केला फोन. त्यांनी तो कुंडीत ओतला होता. बरं झालं.

खवचट_काका
कुंडीतल्या झाडाची प्रतिकारशक्ती कशी आहे तेवढं कळवा.

उंबरठा
(नऊ आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, क्षमस्व. मध्ये बरंच घडलं. डोंबिवलीतलीच एक फिजिओ मिळाली, तरुण आहे, प्रत्यारोपण टीमशी फोनवर बोलून तिने बाबांची वही केली (कृष्णाकाठ, तुमच्यासारखीच, निळ्या पुठ्ठ्याची). पाचव्या आठवड्यात एकदा वजन तीन दिवसांत दोन किलोने चढलं. इथे वाचलं होतं म्हणून लगेच फोन केला. बायॉप्सीत सौम्य रिजेक्शन निघालं, औषध वाढवलं, बारा दिवस व्यायाम बंद. बाबा त्या बारा दिवसांत जेवढे चिडले तेवढे यादीत असताना चिडले नव्हते. मग परत खुर्चीपासून सुरुवात. स्टिरॉइडचा डोस वाढवल्यामुळे चौदावरून आठवर आलेले, आता सतरा होतात.

मनगटावरचं घड्याळ काढून टाकलं. रोज रात्री 'आराम करत असताना तुमची नाडी जास्त आहे' असं सांगून आईला झोपू द्यायचं नाही.

काल पहिल्यांदा बाबा खाली उतरून, कोपऱ्यावरून पेपर घेऊन, तिन्ही मजले चढून आले. वहीत नियम होता: प्रत्येक मजल्याला थांबायचं, तिथे स्टेशनं म्हणायची, एका श्वासात चार आली तरच पुढे. आई वरून कठड्यावर वाकून मोजत होती. पहिल्या मजल्यावर डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा. नीट. दुसऱ्यावर कळवा, ठाणे, आणि एकदम घाटकोपर, कुर्ला.

आई वरून ओरडली, "मुलुंड, भांडुप, विक्रोळी कुठे गेले? दम लागलाय तुम्हाला, बसा तिथेच!"

बाबा म्हणाले, "फास्ट आहे."